देवीला पांढरी साडी

माझ्या लग्नाची साडी पांढरी होती. आमच्यात पांढरीच असते, नवऱ्याचे कपडे पण पांढरे, हारसुद्धा पांढऱ्या फुलांचे. माझ्या साडीला बारीक सोनेरी काठ होता, आईने आणि मी कल्याणला तीन दुकानं फिरून घेतलेली, आणि लग्नानंतर मी ती दोनदाच नेसले, एकदा मुलीच्या नामकरणाला आणि एकदा बुद्धपौर्णिमेला. तिच्याहून चांगलं माझ्याकडं काहीच नव्हतं. हे आधी सांगते कारण की नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं, पांढरीच का नेलीस, आणि मला तेव्हा नीट बोलता आलं नाही.

मी आठवीपर्यंत शिकलेले. माहेर आंबिवलीला, सासर मानपाड्याला, चाळीत. चाळीत निम्मी घरं आमची, म्हणजे बौद्धांची. चाळीची मालकीण आगरी, समोरच्याच बंगल्यात राहते, तिच्या सासऱ्याची इथं भाताची शेती होती, आता तिथं आम्ही राहतो. माझे सासरे बौद्धाचार्य आहेत. आमच्यात लग्न लावायचं, बाळाचं नाव ठेवायचं, कोणी गेलं तर वंदना घ्यायची, हे ते करतात. नोकरीत असताना पण करायचे आणि रिटायर झाल्यावर तर तेच करतात. पांढरा शर्ट घालून, पिशवीत पुस्तक ठेवून निघाले की चाळीतले लोक उभे राहायचे. मी त्या घरातली सून, म्हणून माझ्याकडं जरा जास्तच बघायचे.

मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा आकडी आली. सकाळी नळाला पाणी आलेलं, मी हंडा भरत होते, ती आत गोधडीवर होती, ताप होता तिला रात्रीपासून. मी आत आले तर तिचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, झटके देत होती, आणि ओठ निळे. मला वाटलं गेली. मला ओरडताच आलं नाही, मी तिला उचलून तशीच बाहेर पळाले, नळ चालू राहिला. मालकीण गेटवर होती, तिने मला बघितलं आणि मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली. दवाखान्यात पोचेस्तोवर पोरगी रडायला लागली होती. ती रडली तेव्हा मी श्वास घेतला, तोपर्यंत घेतला होता की नाही मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की ही तापाची आकडी आहे, बऱ्याच लहान पोरांना येते, पाच-सहा वर्षांची होईस्तोवर ताप आला की परत येऊ शकते, मग आपोआप जाते. आली की कुशीवर ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच आणायचं. मी ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि घरी कपाटाला चिकटवलं. मला सगळं समजलं. पण समजलं म्हणून भीती गेली असं काही झालं नाही. मी भांडी घासता घासता उठून तिचं कपाळ बघायचे, जेवता जेवता उठायचे, संडासला जाताना पण तिला कोणाच्या तरी हातात देऊन जायचे.

मालकीण एकदा ओट्यावर बसलेली, मी तिला पोरगी धरायला दिली, तर ती मला बोलली, "माझ्या मोठ्याला पन येवाची. ठाण्याच्या देवीची ओटी भरली, परत आली नाय. तुमी मानत नाय म्हाईत हाय मना. पन पोरीचा बघ." मग जाता जाता मागे वळून बोलली, "आनि बाजारातली साडी नको नेऊस. आपली सगल्यात चांगली असंल ती द्याची."

मी हे घरी कोणाला सांगितलं नाही.

मग गणपतीच्या दिवसांत दुसऱ्यांदा आली. तेव्हा मी घरात एकटी होते, कुशीवर ठेवली, घड्याळ बघितलं, सगळं कागदावरचं केलं, आणि मनात मात्र बोलत होते की देवी, तुला माझी सगळ्यात चांगली साडी देते, माझी सगळ्यात चांगली साडी देते. दोन मिनिटांनी थांबली. आता ती कोणामुळं थांबली असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार. पण शब्द दिला होता मी.

नवरात्रात मी घरी सांगितलं की आंबिवलीला आईकडं जाते, तिचा गुडघा दुखतोय. खोटं बोलले. आणि मुलीला घेऊन ठाण्याला गेले, स्टेशनवरून चालत टेंभी नाक्याला, तिथं नवरात्रात देवी बसते. पिशवीत नारळ, हिरव्या बांगड्या, तांदूळ, आणि माझी साडी, इस्त्री करून. दुपारची वेळ होती तरी लाईन मोठी. माझ्या मागच्यापुढच्या बायका ओटीचं सामान ताटात काढून ठेवत होत्या, तर मी पण काढलं. ताट नव्हतं, हातावरच धरलं.

मागची बाई बोलली, "अगं बाई, ही कसली साडी? पांढरी?"

तिच्या शेजारची बोलली, "पिशवी बदलली असेल तिची."

तिथं बिल्ला लावलेला एक माणूस लाईन पुढं सरकवत होता, तो आला, बघितलं, आणि हळूच विचारलं, "ताई, घरात कोणी वारलंय का? सुतक असेल तर लाईनीत येऊ नका." तो वाईट नाही बोलला. मला खरंच कळलं नाही तो असं का विचारतोय. मी बोलले, "नाही हो. माझ्या लग्नाची आहे."

एक पोरगी हसली, "लग्नात पांढरी? ख्रिश्चन आहेस का?" आणि एक म्हातारी होती पुढं, तिने मागे वळून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बोलली, "त्यांच्यात असते." एवढंच. पुढं काही बोलली नाही आणि तिथून कोणी काही विचारलं पण नाही. बिल्लेवाल्याने नारळ आणि बांगड्या पुढं पाठवल्या. साडी घेतली, पण देवीकडं दिली नाही, टेबलाखाली नारळाच्या गोण्या होत्या त्यावर ठेवली. "बघतो आम्ही," बोलला. मी देवीकडं बघितलं का नाही तेसुद्धा मला आठवत नाही. मी त्या गोण्यांकडं बघत होते. पोरगी माझ्या खांद्यावरून लाइटी बघून हात हलवत होती.

हसणाऱ्या पोरीने मोबाईल वर धरलेला, मला वाटलं ती देवीचं शूटिंग करते. ती माझं करत होती.

दोन दिवसांनी तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या विहाराच्या ग्रुपवर आला. पंधरा सेकंदांचा असेल. त्यात माझं तोंड अर्धंच दिसतं, पण पोरगी दिसते, आणि आवाज चांगला ऐकू येतो, "नाही हो. माझ्या लग्नाची आहे." विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आमच्या चाळीतल्याच, शेवटच्या खोलीत राहतात, त्यांनी टाकला. खाली काही लिहिलं नाही. नुसता टाकला.

सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. मग फोन माझ्या नवऱ्याला परत दिला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं, ते प्यायले. मला वाटलं आता ओरडतील. मी भिंतीला टेकून उभी होते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

कोणीच ओरडलं नाही. सांगते ना, कोणी एक शिवी दिली नाही मला. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं आणि माझा हंडा भरला की परत सुरू व्हायचं. आधी पोरगी चाळीत या घरातून त्या घरात फिरायची, कोण चपाती द्यायचं, कोण केस विंचरायचं, आता ती रांगत कोणाच्या उंबऱ्यावर गेली तर तिला गोड बोलून उचलून माझ्या दारात आणून ठेवायचे. "जा, मम्मीकडं जा." तिला काही कळत नव्हतं, ती परत जायची.

मग कल्याणच्या एका घरून सासऱ्यांना फोन आला, त्यांच्या मुलाचं लग्न सासरे लावणार होते. मी चपात्या लाटत होते, त्यांचं इकडचंच बोलणं ऐकू येत होतं, "बरं. बरं. नाही, काही हरकत नाही." नंतर सासूला सांगितलं की ते म्हणाले तुम्ही दमता आता दादा, दुसऱ्यांना सांगितलंय. सासऱ्यांनी पिशवीतलं पुस्तक काढलं आणि फळीवर ठेवलं. ते पुस्तक मी लग्न होऊन आल्यापासून कधी फळीवर बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सासू माझ्याशी बोलली. तांदूळ निवडत होती, वर न बघता बोलली. तिची आजी गावाला देवळाच्या पायरीखाली उभी राहायची, नारळ लांबूनच टाकायचा, पुजारी त्याच्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा, तिला देवी कशी दिसते हे मरेस्तोवर माहीत नव्हतं. मग धर्मांतर झालं आणि घरातल्यांनी सगळे देव गोणीत भरून नदीत सोडले, तेव्हा आजी पहिल्यांदा हसली म्हणे. मग सासू थांबली आणि बोलली, "त्या दारातून आम्ही बाहेर आलो गं. आणि तुझी साडी पण टेबलाखालीच ठेवली ना त्यांनी? तुला कोणी ढकललं परत तिथं?"

मी बोलले, "आकडीने."

तिने तांदूळ निवडायचे थांबवले. मग परत निवडायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी विहारातले चार जण आणि अध्यक्षबाई घरी आल्या. मी चहा दिला, सगळ्यांनी कपाकडं बघून घेतला. त्यांनी ठरवलेलंच होतं. रविवारी वंदना झाली की मी पुढं उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या, मोठ्याने. मग विषय संपला, परत कोणी काढणार नाही. अध्यक्षबाई बोलल्या, "ही शिक्षा समजू नकोस. आपण सगळेच घेतो की दरवर्षी." ते पण खरं होतं. मी पण लहानपणी घ्यायचे, पाठ होत्या मला, खेळायला जायची घाई असायची म्हणून भराभर म्हणायचे.

पण त्यात देवदेवतांचं येतं. त्यांना मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, असं सरळ येतं. लहानपणी माझ्या मांडीवर कोणी नव्हतं. आता मी शब्द दिलेला, आणि गणपतीपासून पोरगीला काही झालं नव्हतं, ताप पण नव्हता. मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणणार की मी मानत नाही, आणि मग तिला परत आली तर.

मालकिणीला पण कळलेलं. तिच्या बंगल्यातल्या बायका तर हसल्याच असतील. ती मला गेटपाशी गाठून बोलली, "येडी का काय गं तू? देवीला पांढरी? सवाष्ण हाय ती. चांगली म्हंजे हिरवी, लाल. मना वाटला तुला म्हाईत असंल." मग आवाज खाली करून बोलली की दसऱ्याच्या आत परत जा, हिरवी घेऊन जा आणि माफी माग, नाहीतर उलटं होईल. मी विचारलं उलटं म्हणजे काय, तर तिने नुसतं पोरीकडं बघितलं.

म्हणजे दोन्हीकडं मला माफीच मागायची होती. आणि एकीकडं मागितली की दुसरीकडची मोडणार.

नवरा एमआयडीसीत कंपनीत आहे, तो त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला होता, दुपारी निघायच्या आधी जेवायला बसला. मी सगळं बोलले त्याच्याजवळ. तो बोलला, "म्हण आणि मोकळी हो ना. पप्पांचं तोंड बघितलंस का तू?"

"आणि तिला परत आली तर?"

"डॉक्टरने सांगितलंय ना, येऊ शकते."

"तेच ना."

"मग मी काय करू, सांग." तो खरंच विचारत होता, भांडत नव्हता. त्याने ताट उचललं, स्वतः धुतलं, आणि डबा घेऊन गेला.

दसरा गेला. मी ठाण्याला गेले नाही. जायचं नाही असं ठरवलं होतं असं नाही, ठरवलंच नाही काही. उठत होते, नळावर जात होते, चपात्या करत होते. आतून सुन्न झालेलं सगळं, दाढ काढल्यावर तोंड कसं होतं, आपलंच असतं पण आपलं वाटत नाही, तसं.

रविवारी विहारात मी पांढरा ड्रेस घातला. सासूने पोरगीला मांडीवर घेतलं, पहिल्या रांगेत बसली. सासरे कडेला बसले, नेहमी पुढं बसतात. वंदना झाली आणि मला पुस्तक दिलं. मी वाचायला लागले. एक वाक्य मी वाचायचं आणि मध्ये पोरीकडं बघायचं, परत एक वाक्य. ती सासूचा पदर चावत होती. ज्या वाक्याची मला भीती होती ते आलं, आणि माझा आवाज खाली गेला, अध्यक्षबाई बोलल्या, "जरा मोठ्याने, मागे ऐकू येत नाही." मी परत वाचलं, मोठ्याने. पोरीचे डोळे बघितले. सरळ होते. पुढचं वाचलं. बावीस झाल्या. सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं.

मला वाटलेलं मला रडू येईल, किंवा हलकं वाटेल. यातलं काही झालं नाही. कोणीतरी पोरीला कडेवर घेतलं, कोणीतरी मला खिरीची वाटी दिली. सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्या आठवड्यात त्यांना एका नामकरणाला बोलावणं आलं आणि पुस्तक फळीवरून पिशवीत गेलं.

पोरगी परत सगळ्यांच्या घरात फिरायला लागली. मी मात्र दर तासाला थर्मामीटर लावायचे. सासू बोलायची, "अगं झोपू दे तिला, तो थर्मामीटर काय खुळखुळा आहे का तिचा." मी हो म्हणायचे आणि सासू आत गेली की परत लावायचे.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी ताप आला. मी सिरप दिलं, कोमट पाण्याने पुसलं, कपाटावरचा कागद परत वाचला, पाठ होता तरी. सासू आणि सासरे बाजारात गेलेले, दुपारचे चार वाजत आलेले, दार उघडंच होतं. ती माझ्या मांडीवर होती आणि तिचं शरीर ताठ झालं.

मी तिला खाली कुशीवर ठेवलं. चार वाजायला सात मिनिटं कमी होती. माझ्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असेल, कारण की बायका आल्या. नळावर गप्प बसणाऱ्या सगळ्या, अध्यक्षबाई पुढं, त्यांच्या हातात चमचा, दातखिळी बसेल म्हणून तोंडात घालायला. समोरून मालकीण आली, तिच्या हातात कांदा फोडलेला, हुंगवायला. एकजण बोलली चप्पल हुंगवा. एकीने पोरीचे हात दाबून धरले.

मी बोलले, "हात काढा. कोणी हात लावायचा नाही तिला. तोंडात काही घालायचं नाही. लांब व्हा सगळ्या." मी या चाळीत आल्यापासून कोणाशी असं बोलले नव्हते. त्या लांब झाल्या. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट झालं. पोरीच्या तोंडातून फेस आला, मी पुसला. दोन झाली. या वेळेला मी मनात कोणालाच हाक मारली नाही. आठवलंच नाही मला, मी काटा बघत होते. अडीच मिनिटं होऊन गेली आणि तिचे हात ढिले पडले, मग तिने मोठा श्वास घेतला आणि रडली.

कोणी पाणी आणलं, कोणी पंखा कमी केला. पोरगी दमून झोपली. दवाखान्यात फोन केला, त्यांनी सांगितलं जाग आली की घेऊन या, दाखवून जा. बाकीच्या गेल्या. अध्यक्षबाई बसून राहिल्या, चमचा अजून हातातच. त्यांनी दाराकडं बघितलं, माझ्या जवळ सरकल्या आणि कानात बोलल्या, "आम्ही त्या दिवशी म्हणायला लावलं, त्याच्यामुळं तर नाही ना झालं?"

मी इतके दिवस जे घेऊन फिरत होते तेच त्यांच्या तोंडातून आलं. मी बोलले, "ताप होता काकू. याच्याआधी दोनदा आली, तेव्हा तर मी काहीच म्हटलं नव्हतं."

हे मी त्यांना सांगितलं. मला स्वतःला ते पटलं होतं का, तर मला माहीत नाही, अजून पण कधी कधी मध्येच वाटतं. पण बोलताना आवाज हलला नाही.

त्यांनी विचारलं, "मग परत येईल?"

"येऊ शकते. पाच-सहा वर्षांची होईस्तोवर."

"मला दाखव कसं ठेवायचं ते. तू घरात नसलीस तर."

मी उशी घेतली, जमिनीवर आडवी ठेवली, आणि त्यांना दाखवलं, डोकं असं, हात असा, तोंड जरा खाली म्हणजे थुंकी बाहेर येते, आणि घड्याळ बघायचं. त्यांनी चमचा बाजूला ठेवून उशी दोनदा कुशीवर करून बघितली. मालकीण अजून दारातच उभी होती, गेली नव्हती, ती पण मान वाकडी करून बघत होती. तिने विचारलं, "आनि कांदा नाय लावाचा?"

मी बोलले, "नाही लावायचा काकू."

मग मी परत ताप बघितला.